नेतृत्व, नवोपक्रम आणि कार्यस्थळावरील स्वास्थ्य : अहमदाबादच्या कॅलिको मिलमधील प्रयोगाच्या आधारे एक विवेचन

गोषवारा : नेतृत्व, नवोपक्रम व कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य हे तीन स्वतंत्र विषय मानून त्यांच्यासाठी तीन स्वतंत्र उपक्रम राबविण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. १९५३ साली अहमदाबादच्या एका कापडगिरणीत झालेल्या प्रयोगाचा मागोवा घेतल्यास हे तिन्ही विषय कामाच्या रचनेत एकत्र गुंतलेले असल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाची पार्श्वभूमी, त्याचे स्वरूप, त्यावरील आक्षेप आणि महाविद्यालयीन कामकाजाच्या संदर्भातील त्याचे महत्त्व यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : नेतृत्व, नवोपक्रम, कार्यगट, सामाजिक-तांत्रिक व्यवस्था, स्वास्थ्य.

प्रस्तावना

उदारीकरणानंतरच्या काळात व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेतील अनेक शब्द उद्योगांतून कार्यालयांत आणि कार्यालयांतून महाविद्यालयांत आले. नेतृत्व, नवोपक्रम आणि स्वास्थ्य हे त्यांपैकी तीन प्रमुख शब्द होत. नेतृत्वासाठी कार्यशाळा, नवोपक्रमासाठी कक्ष आणि स्वास्थ्यासाठी योगदिन अशी त्यांची विभागणीही झाली आहे. प्रत्येक उपक्रमाचे छायाचित्र, हजेरीपत्रक आणि अहवाल तयार होतो. मूळ काम मात्र जसे चालत होते तसेच चालू राहते.

वस्तुतः प्रश्न गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट' या अवस्थेची व्याख्या करताना तिला वैद्यकीय विकार न मानता व्यवसायाशी निगडित घटित मानले आणि तिचे मूळ कार्यस्थळावरील दीर्घकालीन व योग्य रीतीने न हाताळलेल्या ताणात असल्याचे नमूद केले. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण तिने दोषाचे स्थान व्यक्तीच्या मनातून कामाच्या जागेकडे सरकविले. त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसमवेत २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ वा त्याहून अधिक तास काम करण्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार व्यक्ती पक्षाघात व हृदयविकाराने मृत्युमुखी पडल्या.

तास कमी करणे हा उपाय झालाच. परंतु तेवढ्याने प्रश्न संपत नाही. समान तास काम करणाऱ्या दोन व्यक्तींपैकी एक उत्साही राहते आणि दुसरी खचते, असे का होते? या प्रश्नाचे एक ठोस उत्तर सात दशकांपूर्वी आपल्याच देशातील एका गिरणीने दिलेले आहे. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत ते एखाद्या परिच्छेदात उरकले जाते, म्हणून येथे ते विस्ताराने मांडले आहे.

खाणीतून आलेला विचार

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधील टॅव्हिस्टॉक संस्थेच्या अभ्यासकांनी ब्रिटनमधील कोळसा खाणींचा अभ्यास हाती घेतला. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांचा या विषयावरील निबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला. यांतील बॅमफर्थ हे स्वतः पूर्वाश्रमीचे खाणकामगार होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण खाणीच्या अंधारात माणसे एकमेकांवर कशी विसंबून असतात हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

जुन्या पद्धतीत दोन-चार कामगारांचा लहानसा गट स्वतःचे सोबती स्वतः निवडून कोळसा फोडण्यापासून तो बाहेर काढण्यापर्यंतचे सर्व काम करीत असे. यंत्रे आल्यानंतर लांब दर्शनी भिंतीवर काम करण्याची नवी पद्धत आली. सुमारे चाळीस माणसे तीन पाळ्यांत विभागली गेली. एका पाळीने कोळसा कापावयाचा, दुसरीने वाहक पट्टे हलवावयाचे, तिसरीने कोळसा भरावयाचा. एका पाळीचा कामगार दुसऱ्या पाळीच्या कामगाराला भेटत नसे, मात्र त्याच्या अपुऱ्या कामाचा भार त्याच्यावर पडत असे. यंत्रे सुधारूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढले नाही. गैरहजेरी, परस्परांवर दोषारोप आणि ताणजन्य आजार यांच्यात मात्र वाढ झाली. तंत्र आणि माणसांचे परस्परसंबंध या दोन व्यवस्था वेगवेगळ्या आखता येत नाहीत, एकीत केलेला बदल दुसरीत उमटतोच, हा 'सामाजिक-तांत्रिक व्यवस्था' या संकल्पनेचा गाभा येथून पुढे आला.

अहमदाबादची पार्श्वभूमी

हा विचार अहमदाबादेत पोहोचण्यामागे साराभाई कुटुंबाचा मोठा वाटा आहे. अहमदाबादच्या औद्योगिक संबंधांची परंपरा मुळातच निराळी होती. १९१८ च्या गिरणी कामगारांच्या संपात एका बाजूस गिरणीमालक अंबालाल साराभाई आणि दुसऱ्या बाजूस महात्मा गांधींसमवेत अंबालाल यांच्या भगिनी अनसूयाबेन होत्या. त्यातून १९२० साली मजूर महाजन ही कामगार संघटना उभी राहिली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने अटिरा ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था स्थापन झाली आणि तेथे यंत्रे व धाग्यांबरोबरच मानवी संबंधांचाही अभ्यास सुरू झाला. मानसशास्त्रज्ञ कमला चौधरी यांचे या विभागातील काम आज फारसे आठवले जात नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

विक्रम यांचे बंधू गौतम साराभाई हे कॅलिको मिलचे अध्यक्ष होते. टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस त्यांच्या निमंत्रणावरून अहमदाबादेत आले. कंपनीच्या ज्युबिली मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसविण्यात आले होते. यंत्रे नवी होती, अभियंत्यांनी प्रत्येक कामाचे काळकाम मोजून माणसे नेमली होती, तरीही उत्पादन आणि कापडाची प्रत साध्या मागांपेक्षा उजवी ठरत नव्हती. कामगारांना दोष द्यावा, तर ते अनुभवी. यंत्राला द्यावा, तर ते नवेकोरे.

येथे मुंबईशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. मुंबईच्या गिरण्यांत एका कामगाराकडे दोनांऐवजी तीन माग देण्याच्या आणि कताई खात्यात दुप्पट बाजू सांभाळावयास लावण्याच्या धोरणातून १९२८ चा सुमारे सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप उद्भवला होता. तेथेही बदलाला 'सुधारणा' असेच नाव होते. कामगारांचा विरोध यंत्राला किती होता आणि ज्या रीतीने ते यंत्र त्यांच्यावर लादले गेले त्या रीतीला किती होता, याचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे. साळखात्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला मागाविषयी जे कळते, ते त्याला विचारण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती.

शेडमधील बारा कामे

राइस यांनी पाहिलेल्या शेडमध्ये सव्वादोनशेच्या आसपास माग होते आणि त्यांवर २९ कामगार काम करीत होते. त्यांची कामे १२ प्रकारांत विभागलेली होती. विणकराने तुटलेला धागा सांधून माग चालू करावयाचा. स्वयंचलित मागाच्या बॅटरीत बॉबिन भरणारा कामगार वेगळा. ताण्याचे अनेक धागे एकाच वेळी तुटले तर ते सांधणारा वेगळा. नवा ताणा चढविणारा, मागाची जुळणी करणारा जॉबर व त्याचा मदतनीस, बॉबिन वाहून आणणारा, कापड नेणारा, तेल घालणारा, झाडणारा, हे सर्व आणखी वेगळे.

प्रथमदर्शनी ही श्रमविभागणी शास्त्रशुद्ध वाटते. अडचण अशी होती, की प्रत्येकाच्या कामाची हद्द निराळी होती. विणकराकडे दोन-तीन डझन माग असत, बॅटरी भरणाऱ्याकडे त्याहून अधिक, जॉबरकडे शंभरावर, तर बॉबिन वाहणाऱ्याकडे संपूर्ण शेड. परिणामी एका विणकराच्या वाट्याला बॅटरी भरणाऱ्याचा काही अंश, सांधणाऱ्याचा काही अंश आणि जॉबरचा आणखी लहान अंश येत असे. माग बंद पडला की कोणाला हाक मारावयाची हे विणकराला ठाऊक असे. पण तो माणूस त्या क्षणी दुसऱ्या विणकराच्या मागावर असे आणि तेही त्याचे कर्तव्यच होते. 'आमचे' म्हणता येईल असे माग कोणत्याही दोन माणसांपाशी समान नव्हते. कापडात दोष निघाला तर तो कोणाचा, हे सांगणे अवघड होई. किंबहुना तो आपला नाही हे सिद्ध करणे प्रत्येकाला सोपे जाई.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. काळकाम एका विशिष्ट प्रकारच्या सुतासाठी व कापडासाठी मोजलेले होते. सूत जाड झाले, की बॉबिन लवकर संपून बॅटरी भरणाऱ्याचे काम वाढे. सूत कमकुवत आले, की धागे सांधणाऱ्यांची तारांबळ उडे. प्रत्येक बदलाचा भार निरनिराळ्या कामांवर असमान पडत असे आणि ज्याचे काम हलके झाले त्याने शेजाऱ्याला हात द्यावा अशी तरतूद या काटेकोर विभागणीत नव्हती. ज्याला आपण आज 'कामाचा ताण' म्हणतो, तो येथे अशा रीतीने रचनेतूनच उत्पन्न होत होता.

गटाची निर्मिती

राइस यांनी सुचविलेली कल्पना साधी होती. शेडचे काही भाग करावेत आणि एकेका भागातील सर्व मागांची संपूर्ण जबाबदारी एकेका लहान गटाकडे द्यावी. साधारणतः साठ मागांमागे सातेक माणसांचा गट, असे त्याचे स्वरूप होते. कोणी कोणते काम करावयाचे, एकाने दुसऱ्याला केव्हा मदत करावयाची, हे गटाने ठरवावयाचे. ही कल्पना व्यवस्थापक, विणाई खात्याचे प्रमुख आणि पर्यवेक्षक यांच्यापुढे चर्चेसाठी ठेवण्यात आली व पर्यवेक्षकांमार्फत ती कामगारांपर्यंत गेली. त्यानंतर जे घडले ते राइस यांनाही अनपेक्षित होते. कामगारांनी ती कल्पना उचलली आणि काही तासांतच आपापले गट स्वतः बनविले. वरून याद्या लावण्याची वेळच आली नाही.

राइस यांनी नोंदविलेल्या आकड्यांनुसार शेडची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांपर्यंत खाली आले. माग तेच होते, माणसेही बहुतांशी तीच होती. या प्रयोगाचा सविस्तर वृत्तांत देणारे त्यांचे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले.

नवोपक्रम हा शब्द आपण सहसा यंत्रासाठी वापरतो. येथे यंत्राचा नवोपक्रम १९५२ सालीच झाला होता आणि तो एकटा निष्फळ ठरला होता. नेतृत्वाचेही तसेच. राइस यांच्या वर्णनातील गटांचे नेतृत्व गटाच्या आतून आलेले होते. मग वरच्या अधिकाऱ्याने करावयाचे काय? तर गटाच्या सीमेवर उभे राहावयाचे. योग्य सूत वेळेवर येते की नाही, सुटे भाग मिळतात की नाही, कापडाच्या प्रतीविषयीची अपेक्षा स्पष्ट आहे की नाही, हे त्याने पाहावयाचे आणि आतल्या कामात हात घालण्याचा मोह टाळावयाचा. प्रस्तुत लेखिकेच्या मते संपूर्ण प्रयोगातील सर्वांत कठीण भाग हाच होता. कारण पर्यवेक्षकाचा मान आजवर आतल्या कामात हात घालण्यावरच अवलंबून होता.

आक्षेप आणि १९७० ची पाहणी

या प्रयोगाचे गुणगान करताना त्यावरील आक्षेप दडविणे योग्य होणार नाही. नव्या रचनेबरोबर वेतनातही बदल झाला होता. त्यामुळे सुधारणेचे किती श्रेय गटरचनेला आणि किती वाढीव वेतनाला, असा प्रश्न उपस्थित होतो. रॉय यांनी १९६९ साली राइस यांच्या संशोधनपद्धतीची फेरतपासणी करताना हा मुद्दा मांडला आहे. तो सहज फेटाळता येण्यासारखा नाही. तथापि त्यावरून गटरचना निरर्थक ठरते असेही नाही. फार तर एवढे म्हणता येईल, की जबाबदारी वाढवावयाची आणि मोबदला जुनाच ठेवावयाचा असा प्रयोग कॅलिकोत झालेलाच नाही, त्यामुळे त्याच्या यशाची ग्वाही कॅलिकोच्या नावाने देता येत नाही.

टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० साली पुन्हा जाऊन पाहणी केली. एका ठिकाणी गटपद्धती आणि तिची कामगिरी सोळा वर्षांनंतरही जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती. अन्यत्र मात्र व्यवस्था बऱ्याच अंशी जुन्या वळणावर गेली होती. बाजारातील मागणी बदलली, कापडाचे प्रकार वाढले, बाहेरचा दाब वाढला आणि तो दाब गटाच्या सीमेवर अडविणारे व्यवस्थापन सैल पडले. मग पर्यवेक्षक पुन्हा आत शिरले. चांगली रचना एकदा बसविली की आपोआप चालत राहते, या समजाला या पाहणीने छेद दिला. पुढे ही गिरणीच बंद पडली; परंतु तिच्या बंद पडण्याची कारणे वस्त्रोद्योगाच्या व्यापक संकटाशी निगडित आहेत, ती या प्रयोगावर लादणे अन्यायाचे होईल.

नियंत्रण आणि आरोग्य

राइस यांनी आरोग्याचे मोजमाप केले नव्हते. ते पुढच्या काळात अन्यत्र झाले. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली असे प्रतिपादन केले, की कामाची मागणी जास्त आणि निर्णयाचा वाव कमी असेल तेव्हा ताण घातक ठरतो. मागणी जास्त असूनही वाव असेल तर तेच काम शिकण्यास चालना देते. ब्रिटनमधील शासकीय कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासांनी या मताला मोठा आधार दिला. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १०,३०८ कर्मचारी होते. कामावर नियंत्रण कमी असणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे त्यातून आढळले. विशेष असे, की हृदयविकार हा वरिष्ठ अधिकाऱ्यांचा आजार आहे ही लोकसमजूत या अभ्यासमालेने खोटी ठरविली. उतरंडीत खालच्या पायरीवर असणाऱ्यांना तो अधिक ग्रासतो.

नवोपक्रमाशी असलेला धागा एमी एडमंडसन यांच्या संशोधनातून स्पष्ट होतो. रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास करताना त्यांची अपेक्षा अशी होती, की चांगल्या चमूंत चुका कमी असतील. प्रत्यक्षात चांगले नेतृत्व असलेल्या चमूंत नोंदविलेल्या चुका अधिक निघाल्या. तेथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे. तेथे त्या सांगण्याची भीती नव्हती. १९९९ साली एका उत्पादक कंपनीतील ५१ कार्यगटांच्या अभ्यासातून त्यांनी मानसिक सुरक्षितता आणि गटाचे शिकणे यांचा संबंध दाखविला. कॅलिकोच्या शेडमध्ये दोष आपला नाही हे सिद्ध करण्यात जी शक्ती खर्च होत होती, ती येथे आठवावी. दोष लपविणाऱ्या जागी नवे काही सुचण्याचा संभव नसतो, आणि सुचलेच तर ते कोणी बोलून दाखवीत नाही.

महाविद्यालयाच्या संदर्भात

आता आपल्या कार्यस्थळाकडे पाहू. महाविद्यालयातील अध्यापक अध्यापनाखेरीज प्रवेश समिती, परीक्षा विभाग, राष्ट्रीय सेवा योजना, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, वेळापत्रक, सांस्कृतिक विभाग अशा अनेक कामांत वाटला गेलेला असतो. प्रत्येक समितीची हद्द निराळी, सदस्य निराळे. मूल्यांकनाच्या अहवालासाठी 'उत्तम उपक्रम' मागविले जातात, तेव्हा ते शोधून काढण्यासाठी आणखी एक समिती नेमली जाते.

याचा परिणाम कोठे दिसतो? प्रथम वर्षात मधूनच शिक्षण सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्यावे. तो वर्गात येत नाही हे एका अध्यापकाला माहीत असते. त्याने अंतर्गत परीक्षा दिलेली नाही हे दुसऱ्याला माहीत असते. त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीअभावी परत आला आहे हे कार्यालयातील लिपिकाला ठाऊक असते. घरची अडचण त्याने मार्गदर्शक अध्यापिकेच्या कानावर घातलेली असते. चौघांनीही आपापले काम चोख केलेले असते आणि विद्यार्थी निघून गेलेला असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्य, गौण, कौशल्याधारित, मूल्यवर्धन अशा अभ्यासक्रमांत विद्यार्थी विभागला गेल्यानंतर ही विखुरलेली स्थिती अधिकच तीव्र झाली आहे. धोरणाचा हेतू चांगला आहे. पण कापडाचा प्रकार बदलल्यावर भार कोणाकोणावर कसा पडतो, याचे गणित येथेही कोणी मांडलेले दिसत नाही.

कॅलिकोच्या धर्तीवर विचार करावयाचा तर सहा-सात अध्यापक आणि कार्यालयातील एक कर्मचारी यांच्या गटाकडे सुमारे दोनशे विद्यार्थी प्रवेशापासून पदवीपर्यंत सोपवावेत. हजेरी, अंतर्गत मूल्यमापन, शिष्यवृत्ती, मार्गदर्शन ही कामे त्या विद्यार्थ्यांपुरती गटानेच वाटून घ्यावीत. परीक्षेच्या दिवसांत एकाचा भार वाढला तर दुसऱ्याने उचलावा. प्राचार्यांनी गटाच्या सीमेवर राहावे : वेळापत्रकात गटाला एकत्र बसण्याचा एक तास मिळवून द्यावा, एकच माहिती चार नमुन्यांत मागणाऱ्या परिपत्रकांना शक्य तेथे एकच उत्तर पाठवावे आणि आठवड्याच्या बैठकीत कोण चुकले याऐवजी कोणता विद्यार्थी दिसेनासा झाला हे विचारावे. सर्व महाविद्यालयाला एकदम हे लागू करण्याची गरज नाही. राइस यांनीही एका शेडपासूनच आरंभ केला होता.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती प्रशासकीय नाही. राज्यातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भाग तासिका तत्त्वावरील अध्यापक सांभाळतात. त्यांचे मानधन घेतलेल्या तासिकांवर ठरते आणि नेमणूक सत्रापुरती वा वर्षापुरती असते. विद्यार्थ्याशी शिष्यवृत्तीविषयी बोलण्यात गेलेला अर्धा तास त्यांच्या देयकात कोठेही बसत नाही. पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून तीन वर्षांच्या जबाबदारीची अपेक्षा धरणे कितपत रास्त आहे? बैठकीत चूक कबूल करण्याची मुभा त्याला कागदोपत्री असली, तरी फेरनियुक्तीचा अर्ज त्याच टेबलावर जावयाचा असतो. म्हणून असा गट बनविताना पहिला ठराव गटकार्याचे तास मानधनास पात्र धरण्याचा असावा, आणि तो संस्थेच्या स्वतःच्या निधीतून शक्य आहे की शासनाकडे मागावयाचा, हे महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत आकडेवारीसह मांडले जावे.